मायनं नापास केलेली पुस्तकं

सुधाकरच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी गोंदियाच्या माझ्या दुकानात एक प्रिंटर उघडून बसलो होतो. त्याचा फोन म्हणजे बढाई, हे ठरलेलं. त्याच्या क्लासमधलं कोणी हार्डवेअरची परीक्षा पास झालं की पहिला फोन मला. म्हणून उचलल्या उचलल्या मी खेकसलो, "बोल बे, आता कोण पास झालं?" पलीकडे सुनंदा होती, त्याची बायको. "भाऊजी, मी बोलून राहिली…" एवढंच म्हणाली आणि थांबली. कावीळ झाली म्हणून त्याला नागपूरला नेलंय, हे मला ठाऊक होतं. येईल बरा होऊन आणि पुन्हा डोकं खाईल, असं मी धरून चाललो होतो. आला नाही. आता दीडेक महिना होत आला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. चांगलंच लिहितो, पण मी जन्मभर या माणसावर जळलो आणि ते गाळून लिहायला बसलो तर हातात काही उरतच नाही.

लोक विचारतील, तू कायले जळत होता? बरोबर आहे. नवेगाव बांध या आमच्या गावी आमची धानाची शेती, ट्रॅक्टर, दोन मजली घर. सुधाकरचं घर बुद्धविहारामागे, दोन खोल्यांचं. बाप लहानपणीच गेलेला. माय विड्या वळायची आणि रोवणीच्या दिवसांत आमच्याच बांध्यांत धान लावायला मजुरीनं यायची. आम्ही दोघं एका वर्गातले, एका सायकलवर हिंडलेले. बारावीनंतर गोंदियाला हार्डवेअरच्या कोर्सलाही एकत्रच लागलो. दोन हजार दोन-तीनचा काळ. कॉम्प्युटर दुरुस्त करता आला की जग जिंकलं असं वाटायचं. शेवटी नागपूरला जाऊन सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची, सगळी इंग्रजीत, स्क्रीनसमोर बसून. आणि तिच्यासाठी पुस्तक कोणतं घ्यावं, यावर आमचं एकमत होईना. इन्स्टिट्यूटच्या रॅकवर सात-आठ पुस्तकं होती, शनिवारी घरी न्यायला मिळत. सरांना विचारलं तर म्हणाले, "अरे भाई, कोई भी ले लो, सबमें वही लिखा है."

सुधाकरला ते पटलं नाही. गाडीत येता येता म्हणाला, "इंग्रजी तं वाचता येते बे, पण समजलं का फक्त पाठ झालं, हे कसं कळन? मायले सांगून पाहू. जे पुस्तक वाचून मायले समजावता येईन, तेच घेऊ." मला हसू आलं. चौथी शिकलेली बाई, तिला काय कळणार मदरबोर्ड? पण शनिवारी संध्याकाळी आम्ही तिच्या पडवीत जाऊन बसलो. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, बोटं चाललेली. सुधाकरनं वाचलं आणि आपल्या बोलीत सांगितलं, की एकाच वायरवर दोन हार्डडिस्क लावल्या तर मागं एक बारीकशी टोपी बसवून ठरवावं लागते, मालक कोण आणि नोकर कोण. मायनं विचारलं, "अना दोघंबी मालक झाले तं?" सुधाकरनं पान उलटलं, पुढचं उलटलं. पुस्तकात फक्त तक्ता होता. "नाई समजलं बापा. तुले बी नाई समजलं. हे वापस कर," ती म्हणाली. पुढच्या शनिवारी दुसरं, मग तिसरं… सगळी नापास. एकदा तर तिनं त्याला भर पडवीत "ढोरा" म्हटलं आणि तो खी खी हसत बसला.

मग माझी पाळी. मी रॅकवरचं सगळ्यात जाडजूड, विटेएवढं पुस्तक उचललं होतं. तेच मालक-नोकराचं प्रकरण मी धडाधड सांगून टाकलं. मायनं विडीचा दोरा ओढला आणि म्हणाली, "समजलं जी, बाबू. चांगलं सांगतलं." एका झटक्यात! त्या रात्री मला झोप लागली नाही आनंदानं. सुधाकर अजून रॅकपाशी चाचपडत होता आणि मी पुढच्याच आठवड्यात नागपूरहून ते जाड पुस्तक विकत आणलं. सुधाकरनं शेवटी एक पातळसं, कोपरे दुमडलेलं पुस्तक निवडलं. त्यात चित्रं जास्त आणि काय बिघडलं तर काय होतं, हे प्रत्येक पानाखाली दिलेलं. त्यावर मायनं कितीतरी दिवस त्याची उलटतपासणी घेतली होती. परीक्षेचा निकाल तिथल्या तिथे स्क्रीनवर यायचा. तो पास, मी नापास.

परतीच्या गाडीत मी भडकलोच. "माझ्या पुस्तकाले तं मायनं एका बारीत हो म्हटलं होतं!" सुधाकर खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, "अरे, ज्याच्या बांधीत रोवणीले जाते त्याच्या पोराले ते नाई कायले म्हणन? आमच्या मोहल्ल्यात तुमच्या घरच्या माणसाले कोणी नाई म्हटलेलं पाह्यलं काय तू?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तेच मला जास्त झोंबलं.

पुढच्या खेपेला त्याचंच पातळ पुस्तक वाचून मी पास झालो, गोंदियात दुकान टाकलं, बरं चाललं. त्यानं अर्जुनी मोरगावला क्लास काढला. पण माझी पोटदुखी काही गेली नाही. दिवाळीला, पोळ्याला गावी गेलो की मी त्या पडवीत जाऊन बसायचो, मुद्दाम काहीतरी अवघड सांगायचो. दरवेळी तेच: "हो जी, बाबू, समजलं." आणि चहा, तोही घरातल्या एकुलत्या काचेच्या ग्लासात. सुधाकरला स्टीलच्या पेल्यात आणि वर शिव्या. माझ्या आईनं मला कधी विचारलं नाही मी काय शिकतो ते. एवढी मोठी शेती, पण माझं म्हणणं ऐकून "चूक आहे" म्हणणारं एक माणूस नव्हतं घरात. त्याच्याकडे होतं. वर हा पठ्ठ्या क्लासच्या पोरापोरींनाही पुस्तक घेण्याआधी मायकडे धाडायचा आणि ती त्यांनाही खुशाल परत पाठवायची. परक्या पोरांना! चिचगडकडून आलेल्या पोरींना! मी तेवढा पाहुणाच.

सुधाकरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात एकेक विद्यार्थी उठून बोलत होता. "मायनं माझं पुस्तक नापास केलं," "मले दोनदा हाकललं…" सांगताना रडत होते आणि हसतही होते. मला रडू यायला हवं होतं. पण खरं सांगतो, मी आतल्या आत धुमसत होतो. मला बोलायला बोलावलं तर मी हात जोडून नाही म्हटलं. माझ्याजवळ सांगण्यासारखं नापास नव्हतं.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. क्लास सुनंदा चालवणार आहे, परीक्षेचा अभ्यासक्रम बदललाय, नवीन पुस्तक ठरवायचं होतं. माय पडवीत भिंतीला टेकून बसली होती. विड्या सुटल्यात आता, नजर गेलीय. मी आणलेल्या पुस्तकातलं एक पान वाचलं, मग आपल्या बोलीत सांगितलं, आणि "हो जी" ऐकायच्या तयारीनं थांबलो.

"नाई समजलं, दिलीप," ती म्हणाली. "काऊन एवढ्या घाईनं सांगून राहिला? कोनाले हरवाचं आहे आता तुले?"

पहिला विचार आला तो हाच, की सुधाकरला सांगावं. त्याला गाठावं आणि म्हणावं, बघ बे, मलाही नापास केलं तुझ्या मायनं, आता जळ तू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे त्याला जळवण्यासारखं काही आलं होतं… आणि जळायला तोच नव्हता.

"थांबला काऊन?" माय म्हणाली. "पुन्यांदा सांग. सुरुवातीपासून."