हंसाबाईची पुस्तकांची पात

धुई अशी दाटली होती की शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून बैलजोडी दिसत नव्हती, नुसती घुंगरं ऐकू येत होती. पऱ्हाटीच्या बोंडाबोंडावर दव. ओला कापूस वेचला की पिवळा पडतो, म्हणून बाया कमरेला ओटी बांधून, शेकोटीवर हात धरून ऊन निघायची वाट पाहत बसल्या होत्या. हंसाबाईची वाचायची वेळ ती हीच.

हंसाबाई पन्नाशीची, आर्णीच्या पुढच्या तांड्यातली. प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली तेव्हा थोरल्या पोरीचं लग्न ठरलेलं होतं. पण वाचायला काही नव्हतं. मग ते कापसाचे वाईट दिवस आले. यवतमाळचं नाव रोज पेपरात. शहरातल्या गाड्या तांड्यावर यायच्या, तेच तेच विचारायच्या, फोटो काढून निघून जायच्या. त्यातल्या एका गाडीतून एक कपाट उतरलं. आत एकशे बारा जुनी पुस्तकं, नव्यानं बांधून दिलेली. कपाट अंगणवाडीत ठेवलं आणि किल्ली सेविका जयाकडं आली.

"मावशी, कोनतं देऊ?" जयानं विचारलं होतं.

"पहिलं दे."

"पहिलं म्हंजे?"

"डाव्या हाताचं. वेचाले गेलो तं एकेक ओळीची पात धरतो ना आपन? आपल्या पातीतलं एक बोंड सोडून पुढं जात नसते."

दोन वर्षं ती तशीच वाचत होती, नंबरानं. हाती येईल ते. आणि वाचलेलं धुऱ्यावर सांगायची. तिची एकच अट होती: पुस्तकात असेल तेवढंच सांगायचं, मनचं एक अक्षर नाही. म्हणूनच बाया ऐकायच्या.

यंदा कापसाच्या पहिल्या वेच्याला सतरावं पुस्तक आलं. खुनाचं. एका बंगल्यात दादासाहेब नावाचा म्हातारा मरून पडलेला. घरात पुतण्या, स्वयंपाकीण, डॉक्टर आणि माळी. बायांनी असा जीव लावला की ऊन निघालं तरी कोणी उठेना.

"पुतन्याच हाय तो!" सोनीबाई म्हणायची. "सख्खा असो का चुलत, वावराच्या वाटनीत साऱ्याइचे डोये सारखेच."

शेवटी फौजदारानं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. तो म्हणाला, खुनी याच खोलीत आहे. हंसाबाईनं पान उलटलं. पुढं लिहिलं होतं: शेळीला जंत झाल्यास तिचे केस राठ होतात.

तिला आधी वाटलं, हा फौजदाराचा काही डाव असेल. पुढची चार पानं तिनं शेळ्यांच्या रोगांत खुनी शोधत वाचली. मग पुस्तक घेऊन जयाकडं गेली.

जयानं पानांवरचं बारीक नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. "बांधनाऱ्यानं घोळ केला, मावशी. शेयीपालनाचे शेवटचे सोळा पानं याच्यात शिवले. म्हंजे याचे त्याच्यात गेले असन. तेवीस नंबरचं हाय ते. देऊ का काढून?"

"मधातले पाच कोन वाचन?"

"मावशी, खुनी सापडून राह्यला ना!"

"तो पयून जाते कुठी? अठरावं दे."

बाया मात्र चिडल्या. सोनीबाई तर टोचूनच बोलली, "तिले शेवट समजला नाई, म्हनून शेया पुढं करून राह्यली. नाई तं सांग ना मनचं काही!"

मनचं सांगणं सोपं होतं. पुतण्याला फासावर दिलं असतं तर सोनीबाईनं चहा पाजला असता. हंसाबाईनं तसं केलं नाही. पण शेवटचा वेचा संपला की बाया पांगणार होत्या, आणि 'हंसा खरं तेच सांगते' हा तिचा शब्द तसाच लटकत राहणार होता. म्हणून ती भराभर वाचू लागली.

अठरावं भविष्याचं. "याच्यात साऱ्याइले चांगले दिस येनार हायेत. लिहिनारा इकडं आला नाई वाटते." एकोणिसावं कवितांचं. "शब्द थोडे, कागद मोकया. तो मोकया कागद मले आवडला, दम खाता येते." विसाव्यात समुद्र होता, आणि पाण्यात राहून माणसं तहानलेली, हे तिला फार खरं वाटलं. एकविसावं नाटक. बाविसावं एका मोठ्या माणसानं स्वतःवर लिहिलेलं. "सारे चुकले, हा एकटा बराबर. याच्या बायकोनं लिहिलं असन तं ते मांगजो, जया."

आणि तेविसाव्या जागी खाच. पुस्तकच नाही. जयानं वही पाहिली. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावचे मारोतराव घेऊन गेले होते. त्यांच्या अकरा शेळ्या होत्या.

शेवटच्या वेच्याला एक दिवस उरला होता. हंसाबाई दिवस मावळायच्या आत त्यांच्या अंगणात उभी राहिली.

"मारोतभाऊ, पुस्तक काहून वापस नाई केलं?"

मारोतराव ओशाळले. "वाचून झालं, बाई. पन शेवटी कोन्या दादासाहेबाचा खूनच निंगाला. खुनी मालूम हाय मले. पन तो दादासाहेब कसा होता? चांगला होता का वाईट? दोन वर्सं झाले, वाईट वाटून घ्याव का नाई, तेच समजून नाई राह्यलं. खुनी तो..."

"बोलू नका!" हंसाबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मग पिशवीतून सतरावं काढून त्यांच्या हातात दिलं आणि तेविसावं मागून घेतलं. "मानूस कसा होता ते तुमीच वाचा. पहिल्या पानापासून."

घरी जाऊन तिनं चुलीपुढं बसून शेळ्यांचं सारं वाचलं, जाती, गोठा, चारा. खुनाच्या पानाशी आली तशी तिथं काडी घालून पुस्तक मिटलं.

सकाळी धुई होती. शेकोटीपाशी तिनं काडी काढली आणि बायांसोबतच पहिल्यांदा वाचलं. खुनी तो डॉक्टर होता. दादासाहेबाला रोज औषध देणारा, मयतात सगळ्यांत जास्त रडलेला.

मग सोनीबाई म्हणाली, "खरंच लिहिलं हाय?"

हंसाबाईनं पान तिच्यापुढं धरलं. सोनीबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं ओळीवरून बोट फिरवून पाहिलं.

"बरं, हंसा, ते जंताच्या शेयीचं काय झालं मंग? माह्या शेयीचे केस तसेच राठ झाले."

"ते पानं आता मारोतभाऊच्या घरी हायेत. इचारतो."

ऊन निघालं होतं. दव सुकलं. हंसाबाईनं पुस्तक फडक्यात गुंडाळून धुऱ्यावर ठेवलं, ओटी घट्ट केली आणि आपल्या पातीच्या पहिल्या बोंडाला हात घातला.