वळणावरचा हॉर्न

नरसिंग कंडक्टर वेळेचा पक्का, आणि त्याचा त्याला तोरा होता. डेपोनं नवं वेळापत्रक लावलं तसा तो आणखीच चढला. माळेवाडीची सकाळची गाडी देगलूरला पोचली की शेजारच्या फलाटावरून लगेच नांदेडची सुटणार. पूर्वी माणसं तिथं ताटकळत बसायची. आता ही गाठ चुकू द्यायची नाही, असा नरसिंगनं चंगच बांधला.

अडचण एकच. माळेवाडीच्या अलीकडे, ओढ्याच्या वळणावर, व्यंकटी ड्रायव्हर लांबलचक हॉर्न मारायचा. तो ऐकून मग गाव घरातून निघायचं. कुणी पिशवी भरतंय, कुणी "आले, आले" ओरडतंय, आणि गाडी आपली उभी! नरसिंगनं फर्मान काढलं, हॉर्न बंद.

"गावाची सवय हाय बाबा," व्यंकटी म्हणाला.

"मोडली की लागंल नवी, काका."

गाडी खरंच वेळेत धावू लागली. साहेबांनी पाठ थोपटली. नरसिंगला आभाळ ठेंगणं झालं.

सोमवारी माळेवाडीहून गाडी सुटताना मागच्या काचेतून म्हातारी गुरम्मा दिसली. हात वर करून, ठेचकाळत येत होती. एकीसाठी थांबलो की दहा जण येतील, असं म्हणत त्यानं डबल बेल दिली. नांदेडची गाडी मिळाली, पण तो वर केलेला हात दिवसभर त्याच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

मंगळवारी गुरम्मा उजाडल्यापासूनच थांब्यावर बसलेली. नरसिंगनं हात धरून तिला वर घेतलं.

"काल मोतीबिंदूची तारीख व्हती नांदेडला. चुकली," ती म्हणाली. "माझंच चुकलं लेकरा. डोळ्याला दिसत न्हाई, मी हारनवरच निघते. आठ दिस झाले, हारन ऐकूच येईना. डोळे तर गेलेच, आता कान बी चालले. लई रडले बघ."

नरसिंगची मान वर होईना. फर्मानाची लाज वाटली, साहेबांच्या शाबासकीची तर त्याहून जास्त. व्यंकटी आरशातून बघत होता.

"मावशी, कान चांगले हायत तुमचे. हारन मीच बंद केला."

गुरम्माचा चेहरा उजळला. ती कानाला हात लावून चक्क हसली. मग हसू हळूहळू मावळलं.

"म्हंजे काल मी तुला दिसले व्हते?"

खोटं अगदी जिभेवर आलं होतं.

"हाव मावशी," नरसिंग म्हणाला. "दिसल्या व्हत्या."