लाली गेली म्हणजे भट्टी निवली असं न्हाई

कुपवाडच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडवर बोर्ड आहे: ‘अंजना सिरॅमिक्स’. बोर्ड मी रंगवलाय. अक्षर वाकडं आहे, मान्य. पण ज्याला हसायचंय त्यानं आधी आत जाऊन तिथली एक ताटली हातात धरावी, मग हसावं.

अंजनावहिनी विट्याकडच्या. नवरा तानाजी गलाईवाला, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करून देणारा. कोइमतूरच्या एका बोळात त्यांचं दुकान. लग्नानंतर सोळा वर्षं वहिनी तिथं भट्टीपुढं बसल्या. आतली लाली बघून आच किती आहे ते सांगायच्या.

सासूच्या दुखण्यात त्या गावी आल्या आणि इथल्या एका कपबश्यांच्या कारखान्यात माती मळायला लागल्या. चाकावर फक्त गडी. बाईनं माती तिंबायची आणि गप बसायचं! मग जेवणाच्या सुट्टीत गडी डबे उघडायचे आणि ही बाई चाकावर बसायची. फिरत्या चाकावर गोळा मधोमध बसवायलाच दोन महिने गेले. गोळा उडून भिंतीवर जायचा, गडी हसायचे. "हसा," म्हणायच्या, "भिंत तुमीच पुसायची हाय."

कारखाना बंद पडला. मालक चाक आणि गॅसची भट्टी भंगारात घालायला निघाला, तेव्हा मी आमच्या संघटनेची पोरं घेऊन गेटवर आडवा झालो. मालक हात जोडून म्हणाला, "न्या बाबा, पण घोषणा थांबवा." चाक आणि भट्टी या शेडात आली.

झिलईसाठी, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरासाठी, वहिनींनी पलूसच्या भावाच्या रानातली उसाची पाचट आणली. ती जाळायची, राख धुवायची, चाळायची, त्यात गारगोटीची आणि फेल्डस्पार नावाच्या खनिजाची पूड घालायची. किती घालायची हे शिकवायला कुणी नव्हतं. बारा वाट्या खराब झाल्या, तेराव्या वाटीवर शाळूच्या हुरड्यासारखा हिरवा रंग उतरला. ती तेरावी वाटी मला दाखवायला त्या पळत आल्या होत्या, हातांना राख तशीच.

आणि पहिलीच मोठी भट्टी फसली. आच बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी भट्टीच्या दारातल्या भोकातून बघितलं. आत अंधार. गलाईवाल्याच्या डोळ्याला लाली नाही म्हणजे भट्टी थंड. दार उघडलं, गार वारं आत शिरलं आणि टिण्, टिण्, टिण्... चाळीस ताटल्या आमच्यादेखत तडकल्या.

वहिनी ऐकत उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या, "सोनं परत गाळता येतं ओ भाऊ. हे न्हाई."

तानाजी गावी आला, तुकडे बघितले. "अजून एक भट्टी लाव," म्हणाला. "ती बी फुटली तर शटर खाली. मला दुकानात माणूस न्हाई. गुमान कोइमतूरला चल." वहिनी व्हय म्हणाल्या. दिलेला शब्द मोडणारी बाई नव्हे ती. म्हणून मला जास्त धडकी भरली.

दुसरी भट्टी लागली. साताऱ्याजवळ हायवेवर राजवर्धन नावाचा माणूस नवं हॉटेल काढत होता, त्याच्या साठ ताटल्या आत. आच बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो जीप घेऊन दारात हजर. "संध्याकाळी उद्घाटन हाय. काढा लवकर."

तानाजीनं भोकाला डोळा लावला. "लाली न्हाई. उघड."

मलाही राहवेना. "वहिनी, गिऱ्हाईक उभं हाय! उघडा की!"

वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरचा जुना महिना फाडला, त्याची पट्टी करून चिमट्यानं भोकात धरली. दहा अंक मोजले. पट्टी बाहेर आली ती करपून तपकिरी.

"आवं, बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमच्या डोळ्याला दिसत न्हाई ते कागदाला कळतंय. सकाळपतुर दाराला हात लावायचा न्हाई."

"मग मी स्टीलची ताटं मांडू काय?" राजवर्धन चिडला.

"मांडा. स्टील फुटत न्हाई."

जीप धुरळा उडवत गेली. मी तिच्यामागं ओरडत निघालो, तर मागून आवाज आला, "भाऊ, खाली बसा. ह्यो मोर्चा न्हाई." तहसीलदाराला घाम फोडणारा मी, गपचूप पोत्यावर बसलो. वहिनींनी स्टूल ओढलं आणि भट्टीच्या दाराला राखण बसल्या.

सकाळी कागद आत गेला तसाच पांढरा बाहेर आला. दार उघडलं. आम्ही तिघं कान देऊन उभे. एक टिण् नाही. साठातल्या दोन ताटल्यांवर झिलईचा ओघळ आला होता, तडा एकीलाही नव्हता.

तानाजीनं एक ताटली उचलली, नखानं वाजवली, नाद विरेपर्यंत ऐकला. मग उलटी केली. बुडाला कच्च्या मातीतच कोरलं होतं: अंजना, कुपवाड.

"एवढं सोनं गाळलं आपण," तो म्हणाला. "एका बी तोळ्यावर आपलं नाव न्हाई."

दुपारी राजवर्धनची जीप परत आली. उद्घाटन स्टीलवर उरकलं होतं, तरी ताटल्या हव्याच होत्या. आता दोन कमी पडतात म्हणून वहिनींनी त्याला पुढच्या भट्टीची तारीख सांगितली, आणि त्यानं ती मुकाट लिहून घेतली.

तानाजी एकटाच निघाला. पिशवी खांद्याला लावून म्हणाला, "दोन ताटल्या दे. दुकानात मांडतो, लोकांना दिसतील."

"ओघळाच्या न्या," वहिनी म्हणाल्या. "चांगल्या गिऱ्हाइकाच्या हायत."