बोगद्यातले पोहे

आमच्या ताईला दाखवण्याचा कार्यक्रम बोगद्यात झाला, कारण घरात तो माझ्या तत्त्वांत बसत नव्हता.

इतर मुलं गोष्टी वाचून मोठी झाली, मी पत्रकं वाचून. (आबा ती सभांमधून गोळा करून आणायचे. आता पस्तावतात.) त्यामुळे मुलीनं पोह्यांचा ट्रे घेऊन यायचं आणि पाहुण्यांनी तिला चालायला-बोलायला लावून पारखायचं, या प्रथेविरुद्ध मी युद्ध पुकारलं होतं. ताईची दोन स्थळं माझ्या भाषणांनी पळालीही होती. तिसरा पेणच्या रामवाडीचा महेश, डोलवीच्या कंपनीत कामाला. ताईला तो फोटोतच आवडला होता.

"हे स्थळ मोडलंस ना, तर तुझी सगळी पत्रकं बंबात घालीन!" ताई म्हणाली.

"मोडत नाय. पण घरात बसायचं नाय, पोहे तर नायच. दोन्ही घरं मिळून फिरायला जाऊ. बरोबरीच्या नात्यानं!"

"पोह्यांसाठी नावाजलेल्या रोह्यात पाहुणचाराला पोहे नाय?" आई मटकन खालीच बसली.

पण आबांनी "एकदाची हौस फिटू दे तिची" म्हटलं आणि गुडघ्याचं निमित्त काढून स्वतः घरी राहिले. रोह्याजवळच्या आमच्या वरशाहून आम्ही तिघी निघालो. पेणहून महेश आणि त्याची आई आली. भेटायची जागा मी ठरवलेली, रूळ कधीच उखडून नेलेला एक जुना रेल्वे बोगदा. तोंडाशी फलक होता, लहान मुलांसह फिरायला सुरक्षित वाट. माझ्या हातात बॅटरी, आईच्या खांद्याला भलीमोठी पिशवी. ("पाणी हाय गो," म्हणाली.)

बोगद्याच्या मधोमध मला राहवेना. मी बॅटरी बंद केली.

"बघा! आता कोण गोरं, कोण सावळं, कुणाला दिसतंय? कोणी कुणाला पारखत नाही. हीच खरी समता!"

"लाइट लाव गो!" महेशची आई कळवळली.

"मावशी, अंधाराला घाबरू नका! घाबरणाऱ्यांनी कधी..."

तेवढ्यात अंधारातून मोठ्ठा "फुस्स" आवाज आला, आणि गरम वाफ थेट माझ्या मानेवर!

"गाडी! गाडी आली! पळा!"

आणि मी पळाले. आईला धडक देऊन, महेशचा पाय तुडवून, एकुलती एक बॅटरी घेऊन! बाहेर येऊन मागे बघते तर कोणीच नाही. तेव्हा आठवलं, रूळच नाहीत तर गाडी कशावरून येणार?

बऱ्याच वेळानं मोबाईलचा उजेड दिसला. पुढे ताई, तिच्या एका हातात महेशच्या आईचा हात, दुसऱ्या हातात म्हशीचं दावं! (गारव्याला येऊन बसली होती बिचारी.) मागून महेश मोबाईल उंच धरून लंगडत येत होता. सगळ्यात शेवटी आई, रिकामा डबा उलटा धरून.

"पोहे होते," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू धडकलीस, पिशवीतला डबा पडून उघडला. म्हशीनं सगळे खाल्ले."

"कोणी केले होते?" महेशच्या आईनं विचारलं.

"मी," ताई म्हणाली. म्हणजे हिचीही फितुरी!

"म्हशीनं डबा चाटून लख्ख केलाय. चांगलेच झाले असतील!" महेश हसत म्हणाला. ताई लाजली. (दावं मात्र सोडलं नाही.)

"पोरगी धीराची हाय. आपल्याला पसंत," महेशची आई म्हणाली. मग माझ्याकडे बघत आईला म्हणाली, "धाकटीला बघायला येतील तेव्हा मात्र मैदानात बोलवा. पळायला जागा लागते तिला!"

कोणत्याही मुलीला चालायला-बोलायला लावून पारखू नये, म्हणून मी एवढा घाट घातला होता. त्या दिवशी दोन घरांनी आणि एका म्हशीनं माझी चालही पाहिली, आवाजही ऐकला. एकमतानं नापसंत!