कापलेलं मिनिट

डाव्या हाताचा तळवा वर करायचा आणि म्हणायचं, "थांबा. खरं आता येतंय." ही त्यांची सवय. समोरचा माणूस बोलून मोकळा झाला, घाम पुसायला लागला, तरी कॅमेरा बंद करायचा सोडून हे गृहस्थ तळवा वर धरून उभे! पुरतं एक मिनिट. समोरच्यानं करावं काय? कुणी खाकरायचं, कुणी झाडाकडं बघायचं. तुमच्याकडं कुणी काही न विचारता मिनिटभर बघत राहिलं, तर तुम्हीही काहीतरी बोलालच.

ते माहितीपट काढायचे. मेलेली तळी, बुजलेले ओढे आणि ते पुन्हा जिवंत करायला धडपडणारी माणसं, एवढाच त्यांचा विषय. राहायला हैदराबादच्या कोठी भागात, पुस्तकांच्या दुकानांवरच्या दुसऱ्या मजल्यावर. आजोबा परभणीकडचे शेतकरी, पण यांची जीभ पक्की हैदराबादी. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शाळेत शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी आवाजाचं यंत्र गळ्यात अडकवून यांच्यामागं फिरायच्या. एकदा तळ्यावर मी त्यांना विचारलं, साहेब कुठं आहेत? तर म्हणाल्या, "म्हशीची मुलाखत चालू आहे." बघतो तर खरंच! म्हशीचा पाय कुठून रुतायला लागतो त्यावरून जुना काठ कळतो म्हणे.

त्या मिनिटात काय काय निघायचं! एक म्हातारा कोळी पूर्वीचं तळं कसं भरलेलं असायचं ते हौसेनं सांगून थांबला. यांचा तळवा वर. म्हातारा उगाच बोटांवर माशांची नावं मोजू लागला आणि चौथ्या बोटाला अडला. "नाम भूल गया मैं," म्हणाला आणि रडायलाच लागला. एका सरकारी साहेबांनी तळ्याच्या सुशोभीकरणावर भाषण ठोकलं आणि मग पुढं वाकून हळूच म्हणाले, "बंद किए ना? इस तलाव का कुच नई होता, भाई."

"चालू है, साब," हे म्हणाले. मग दोघंही हसत सुटले.

पण एक नियम त्यांनी पाळला होता. त्या मिनिटातलं काही पडद्यावर घ्यायचं असलं, तर आधी त्या माणसाला बसवून दाखवायचं आणि विचारायचं, "ठेवू का कापू?" म्हातारा ठेवा म्हणाला. ते साहेबसुद्धा, कोण जाणे कसे, ठेवा म्हणाले.

आता माझं सांगतो. जीभ उचलत नाही, पण सांगतो.

मी तळ्यांच्या खात्यात रेकॉर्ड सांभाळायचो. एका राज्याची दोन झाली, ते दिवस. कचेरीत रोज वाटणी चाललेली. हे दप्तर इकडं, ते तिकडं. लाल कापडात बांधायचं, वर खडूनं राज्याचं नाव टाकायचं. एका डिंकाच्या बाटलीवरून दोन कारकुनांत जुंपली, आता बोला! माणसांचीही वाटणी व्हायची होती, शाळा कुठं झाली ते बघून. माझी शाळा नांदेडला झालेली, त्यामुळं कागदोपत्री मी ना इकडचा ना तिकडचा. आईला आठवड्यातून दोनदा कोठीच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. तिकडच्या यादीत नाव लागलं तर शहर सोडावं लागणार, मग तिला कोण नेणार, हीच काळजी.

अशात हे आमच्या कचेरीत आले. शहराबाहेरच्या एका तळ्यावर वस्तीतली माणसं कित्येक महिने राबत होती. हातांनी जलपर्णी उपसली, गाळ काढला, बांध नीट केला. पण तळं भरेना. कारण पाणी आणणारा नाला कुणीतरी मुरूम टाकून बुजवला होता आणि त्यावर लग्नाच्या फंक्शन हॉलचा पाया खणणं सुरू झालं होतं. नाला होता हे सगळ्यांना ठाऊक, पण पुरावा कुठंय? पुरावा होता तो आमच्याकडं. निजामाच्या काळचा, कापडावर डकवलेला उर्दू नकाशा, त्यात निळ्या शाईनं काढलेला नाला.

"पाया भरायच्या आत तो मिळाला तर कोर्टात जाता येईल," ते म्हणाले. "नाला उघडला तर तळं जगेल. नाही तर आपण नुसता खड्डा साफ केला, भाऊ."

नकाशा तिसऱ्या कपाटात, खालच्या फळीवर होता. आठवड्यापूर्वीच मी त्यावरची धूळ झटकली होती. "उद्या काढून ठेवतो," असं म्हणणार होतो. तेवढ्यात आमच्या साहेबानं आत बोलावलं. "वो नक्शा उधर चले गया बोल देव," तो म्हणाला. "तुमारी फाइल अब्बी मेरेच टेबल पे है." एवढंच. मी मान हलवून बाहेर आलो.

त्या दिवसांत 'तिकडं गेलं' म्हटलं की कुणी पुढं विचारत नसे. निम्मी कचेरी खरोखरच तिकडं गेलेली. मी कचेरीतच कॅमेऱ्यासमोर बसलो आणि तोंड वर करून सांगितलं, "नकाशा वाटणीत तिकडं गेला." त्यांनी तळवा वर केला. मी एकदा तिसऱ्या कपाटाकडं बघितलं. बघायचं नाही असं ठरवलेलं, तरी बघितलं.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच आले, कॅमेऱ्याशिवाय. मला अफझलगंजला चहाला घेऊन गेले. "भाऊ, परत एकदा बघाल का? एखाद्या कपाटात राहिला असेल."

"बघितलं ना साहेब! गेला म्हटलं ना!" मी चक्क आवाज चढवला.

"बरं," ते म्हणाले आणि चहा संपवला. ते 'बरं' मला आजही झोंबतं.

माझं नाव इकडच्या यादीत लागलं. हॉलचा पाया भरला, खांब चढले. तळ्याकाठी खात्यानं कारंजं आणि बाकं बसवली. उन्हाळ्यात कारंज्याला टँकरनं पाणी आणायचे. आणि नाव पक्कं झाल्यावर मी नकाशा काढला का? नाही! तेव्हा तर भीतीही उरली नव्हती. पहिलं खोटं उघडं पडेल, एवढीच लाज. धडधडीत भ्याडपणा, दुसरा शब्द नाही.

माहितीपट एका रविवारी सकाळी दाखवला. मला बोलावणं होतं. गेलो नसतो तर संशय आला असता, म्हणून गेलो. म्हातारा कोळी बोटं मोजून रडला. त्या सरकारी साहेबांचं 'कुच नई होता' ऐकून लोक हसले. प्रत्येकाचं ते मिनिट पडद्यावर होतं. मग मी दिसलो. "नकाशा वाटणीत तिकडं गेला," म्हणालो, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर म्हशी. अख्ख्या माहितीपटात एकाच माणसाचं मिनिट कापलेलं होतं. आणि मला त्यांनी विचारलंही नव्हतं, ठेवू का कापू.

म्हणजे त्यांना कळलं होतं. तळं हातचं गेलं तरी त्यांनी माझी अब्रू राखली. बाहेर माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आई कशा आहेत?" मला वाटलं, धरणी दुभंगावी. "बऱ्या आहेत," म्हणालो आणि घाईनं सटकलो.

त्यानंतर कोठीत ते दिसले की मी गल्ली बदलायचो. असं वर्षभर. मग एक दिवस कळलं, दुसऱ्या एका तळ्यावर चित्रीकरण करतानाच ते गेले.

महिन्यानंतर मी नकाशाची शिक्का मारलेली नक्कल घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी ती टेबलावर पसरली, निळ्या रेषेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता बोलतील, हाकलतील. हाकलायलाच हवं होतं.

"कॅमेऱ्यासमोर सांगाल?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कपाट कुठलं, फळी कुठली, आमचा साहेब काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं. संपल्यावर आपोआप वर बघितलं. कॅमेऱ्यामागं वर केलेला तळवा नव्हता. वहिनींचे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते. पण त्यांनीही तो बंद केला नाही. त्या मिनिटात मी म्हाताऱ्या कोळ्यासारखा हुंदके देऊन रडलो.

मग कॅमेरा बंद झाला. वहिनींनी डोळे टिपले आणि विचारलं, "ठेवू का कापू?"

"ठेवा, वहिनी," मी म्हणालो.