ओला टायर

पेणजवळच्या जोहे गावचा काळुराम गेल्या वर्षी नागोठण्याच्या अलीकडच्या वळणावर मोटारसायकलसकट घसरला. त्याला काही झालं नाही, पण मागे बसलेल्या बायजाबाईचं कोपर सोलवटलं. तेव्हापासून ती नवऱ्याच्या मागे बसेना. मुलगी प्रतिक्षा रोह्याला दिलेली. तिच्याकडे जायचं तर बायजाबाई एसटीत, आणि एसटीच्या मागे मोटारसायकलवर काळुराम, टाकीवर पिशवी ठेवून. गावात थट्टा व्हायची, "काय काळुराम, एसटीला पोचवायला निघालास काय?" तो हसून पुढे जायचा, पण मागची रिकामी जागा त्याला वाटभर टोचायची.

शेवटी तो बायकोला म्हणाला, "मागला टायर पार गुळगुळीत झालाय, म्हणून घसरलो. नवा टाकूया. तूच निवड गो. तुला पटेल तो बसवू."

पेणला दत्तात्रेयच्या टायरच्या दुकानात बायजाबाई एसटीनेच आली. दत्तात्रेयने एक टायर पुढे केला. बायजाबाईचं आयुष्य गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात गेलेलं. शाडूची मूर्ती वाळली की नाही, हे ती अंगठ्याचं नख टेकवून बघते. तसंच तिने टायरला नख लावलं. खूण उमटली.

"ह्यो ओलाच हाय! ओल्यावर मी नाय बसायची."

दत्तात्रेयला हसू आवरेना. "मावशी, टायर काय उन्हात वाळवायचा असतो?"

"हसतोस कशाला? तो कोपऱ्यातला दाखव."

कोपऱ्यातला चांगला कडक होता. नख रुतेना. "बघा, कसा खडखडीत हाय!" ती म्हणाली. काळुरामलाही पटलं. त्याचेही हात मातीतलेच.

"तो विकायचा नाय, काका. जुना माल, परत पाठवायचाय," दत्तात्रेय म्हणाला आणि त्याने टायरची कड वाकवून दाखवली. रबरावर केसासारखे तडे दिसले. "मऊ टायर रस्ता धरतो. वाळला की तडकतो."

बायजाबाईने त्या तड्यांवरून अंगठा फिरवला. तडा गेलेली मूर्ती कोणी पाटावर बसवत नाही, हे तिला दुसऱ्याने सांगायला नको होतं.

"मग ओलाच बसव," ती म्हणाली.

टायर बसला. काळुराम खुशीत होता. तेवढ्यात दत्तात्रेय म्हणाला, "नवा टायर सुरुवातीला जरा सरकतो हां. वळणावर दमानं घ्या."

ह्याच्या तोंडात बोळा कोंबावा, असं काळुरामला वाटलं. बायकोकडे बघायचा त्याला धीर होईना. त्याने किक मारली आणि समोर बघत नुसता बसून राहिला.

गाडी मागून जराशी दबली.

"एसटी फुडं गेली तर जाऊ दे," बायजाबाई मागून म्हणाली. "आज तिच्या मागं लागू नका."

रोह्याच्या वाटेवर नागोठण्याचं ते वळण जवळ आलं, तशी तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. "थांबवा. उतरते."

ती उतरली. काळुराम वळण घेऊन पलीकडे गाडी लावून थांबला. बायजाबाई पदर सावरत कडेकडेने चालत आली आणि पुन्हा मागे बसली.

"चला आता रोह्याला," ती म्हणाली. "अन् मी मधी उतरले, ते प्रतिक्षाला सांगू नका."