बाण नसलेला नकाशा

आमचा गेम लोकवर्गणीतून उभा राहिला. अगदी जुन्या वळणाचा: चार सवंगडी घेऊन अनोळखी मुलखात शिरायचं, भेटेल त्याला वाट विचारत पुढे जायचं. हल्लीच्या गेममध्ये पडद्यावर एक बाण असतो, तो दाखवेल तिकडे डोळे मिटून चालत सुटायचं. आमच्यात बाण नसेल, असं आम्ही छातीठोकपणे जाहीर केलं आणि त्या एका वाक्यावर लोकांनी पैसे पाठवले. वाट सांगायची ती गेममधल्या माणसांनी, आणि त्यांचं बोलणं लिहायचं मी. दोन वर्षं मी दुसरं काहीही केलं नाही.

कासार आंबोलीत एका शेतकऱ्याच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. आम्ही म्हणजे चौघं: ज्याच्या डोक्यातून गेम निघाला तो आमचा म्होरक्या, एक प्रोग्रॅमर, एक चित्रकार मुलगी आणि मी. खाली घरमालकीण मावशी.

अर्धामुर्धा गेम वर्गणीदारांना खेळायला दिला आणि पत्रांचा मारा सुरू झाला. गेममधला वैद्य सापडत नाही. तीन तास फिरतोय, वैद्य मेला का? गणपतीची वर्गणी देणारा निदान प्रसाद घेऊन गप घरी जातो. आमचे वर्गणीदार बाण नको म्हणून पैसे देतात आणि मग बाण कुठाय म्हणून भांडतात.

"एका दुपारचं काम आहे, बसवून टाकतो," प्रोग्रॅमर म्हणाला. म्होरक्याने मान खाजवली. "शुक्रवारी नवा भाग पाठवायचाय, तोवर बघू. बाणाशिवाय नाहीच जमलं तर बसव."

माझं टाळकं सरकलं. बाण आला की माझ्या माणसांशी बोलणार कोण? दोन वर्षांचं लिखाण पाण्यात! वैद्याच्या वाटेवरचा माझा म्हातारा मेंढपाळ किती सुंदर बोलायचा. धुक्याबद्दल, डोंगराबद्दल, मेलेल्या बायकोबद्दल, आणि सर्वांत शेवटी वैद्याबद्दल. चित्रकार मुलगी हळूच म्हणाली, "ताई, ते सगळं मीपण वाचत नाही गं." तिच्याशी मी दिवसभर बोलले नाही.

बुधवारी पार्सलवाल्याचा फोन आला. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मोबाइलवरचा मॅप मागच्या बंगल्याच्या कुंपणाशी नेऊन सोडतो, म्हणून मी त्याला वाट सांगू लागले. दोन्हीकडे भातखाचरं, मग एक छानसं वळण, तिथून डोंगर दिसतो. त्याचा तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मावशींनी माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतला.

"कुटं हायेस आत्ता? म्होरं काय दिसतंय? पत्र्याची शेड? मंग लई पुढं गेलायस. फिर मागं. गिरणी लागंल, तितनं डाव्या हाताला वळ. मी दारात उभी हाय."

पाच मिनिटांत तो हजर. मोबाइल परत देताना मावशी म्हणाल्या, "त्यो कुटं हाय, ते तर आधी इचारायचं! तुमी आपल्या बोलतच सुटता."

मला राग आला, कारण ते खरं होतं. माझ्या एकाही माणसाने खेळणाऱ्याला तू कुठून आलास, असं विचारलं नव्हतं. सगळे आपलं गाणं गात बसले होते. पुढचे दोन दिवस मी नुसती काटछाट केली. मेंढपाळाचं धुकं गेलं, डोंगर गेला, बायको गेली. तिच्या वेळी मला रडू आलं, खरंच सांगते. उरलं ते एवढंच: "नदीकडून आलास का? मग पूल परत ओलांड. जळकं झाड दिसलं की उजवीकडे. दाराला घंटा असेल, तो वैद्य."

शुक्रवारी नवा भाग पाठवला. शनिवारी सकाळी पहिलं पत्र आलं, सगळ्यांत जास्त भांडणाऱ्या वर्गणीदाराचं. म्होरक्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं. "दहा मिनिटांत वैद्य सापडला. शेवटी बाण बसवलात, बरं केलंत."

मी प्रोग्रॅमरकडे डोळे वटारून पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. "आईशप्पथ, मी काहीच केलेलं नाही."

"म्हणजे आता बाण लागतच नाही!" म्होरक्या ओरडला आणि तिघं नाचायलाच लागले. माझं लिखाण टिकलं होतं, आणि ते कुणीतरी लिहिलंय हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं. त्याला झापणारं चांगलं पानभर उत्तर मी लिहिलं, मग सगळं खोडलं आणि "आभारी आहोत" एवढंच पाठवलं.